पालेस्त्रिना की बर्ड, आधी कुठली मास ऐकायची?

रेनेसाँचं, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपचं, कोरल म्युझिक (अनेकांनी मिळून गायचं संगीत) ऐकायचंय म्हटलं की सगळे डोळे झाकून इटालियन संगीतकार पालेस्त्रिनाची 'मिस्सा पापे मार्चेली' ही मास (कॅथलिक प्रार्थनाविधीच्या शब्दांना दिलेलं संगीत) सांगतात, १५६७ ला छापलेली, सहा आवाजांची. माझं मत विचाराल तर आधी इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डची चार आवाजांची मास ऐका. दोन्हीत प्रार्थनेचे शब्द तेच, किरिए या पहिल्या भागापासून आन्युस देई या शेवटच्या भागापर्यंत, पण फरक जमीन-अस्मानाचा.

पालेस्त्रिनाचं सगळं गुळगुळीत. किरिएची सुरुवात बघा, एकच सूर दोन-तीनदा, मग सा वरून मध्यमावर घ्यावी तशी वर उडी आणि लगेच पायरी-पायरीने खाली, आणि हेच एकामागून एक प्रत्येक आवाज उचलतो. ग्लोरिया आणि क्रेडो या मधल्या भागांत शब्द भरपूर म्हणून तिथे आवाज गटागटाने एकत्र बोलतात, शब्द स्वच्छ कळतात. ही मास ऐकवून त्याने चर्चमधली पॉलीफोनी (अनेक आवाजांनी वेगवेगळ्या चाली एकत्र गाणं) बंदीपासून वाचवली ही स्टोरी जिथेतिथे सापडेल पण ती दंतकथाच, आणि ज्या पोपचं नाव दिलंय तो १५५५ मध्ये जेमतेम तीन आठवडे पोप होता!

बर्डचं प्रकरण वेगळं. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मासवर बंदी, त्यामुळे १५९२-९३ च्या सुमारास ही छापली तीही मुखपृष्ठाशिवाय, आणि गायची कुठे तर कुणाच्या तरी घरात, गुपचूप, मूठभर लोकांनी. बर्ड स्वतः कॅथलिक, आणि नोकरी राणीच्या चॅपलमध्ये. शेवटचं आन्युस देई दोन आवाजांत सुरू होतं, मग तीन, मग चार, आणि 'दोना नोबिस पाचेम' म्हणजे आम्हाला शांती दे, तिथे एक आवाज जुना सूर धरून बसतो, बाकीचे सरकतात, सूर खटकतात, सुटतात, की लगेच पुढची खटक. शांती मागतायत पण मिळेल याची खात्री नाहीये असंच वाटतं. पालेस्त्रिनात इतकं टोचणारं काही नाही.

आपल्या कानाला एक गायक आणि बाकी साथ याची सवय, इथे साथीला कुणीच नाही, सगळेच गातायत. चार आवाज हेडफोनवर वेगळे धरता येतात, सहांचा सुरुवातीला नुसता गोड धूर होतो.

गायचा विचार असेल तर प्रश्नच मिटला. पालेस्त्रिनाला टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) दोन ओळींचे, बासही (पुरुषांचा खालचा आवाज) दोन ओळींचे, शेवटच्या आन्युसला तर सात आवाज, आणि हौशी क्वायरमध्ये एक धड टेनर मिळायची मारामार. बर्ड चौघांतही उभा राहतो. दोन्हींची नोटेशन्स आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत, टेनर मोजा आणि मग डाउनलोड करा.