आतली खोली की मोकळे घर?

दत्तक आणलेल्या भेदरलेल्या कुत्र्याला पहिले काही दिवस आतल्या शांत खोलीत ठेवावे, की पहिल्या दिवसापासूनच सोपा (ओसरी), राजांगण (घरामधला चौक) आणि परसू (परसदार) मोकळे करून द्यावे, हा प्रश्न गोव्यातील फोंडा-डिचोलीकडील जुन्या घरांत पडतोच. मोकळीक दयाळूपणाची वाटते. परंतु नव्या वासांनी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आणि पहाटे दारातच वाजणाऱ्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) हॉर्नने आधीच धास्तावलेले जनावर पलंगाखाली दडते किंवा गडगा (दगडी कुंपण) ओलांडून पळते, आणि अनोळखी वाड्यावरून (वस्तीतून) त्याला परतीची वाट सापडणे कठीण असते. खोलीत मात्र पाणी, अंथरूण आणि लपायला कोपरा जवळच असतो. माणसाने केवळ शेजारी बसून, टक लावून न पाहता, ते स्वतःहून जवळ येईपर्यंत धीर धरायचा असतो. खोलीचा दोष एवढाच, की दार सतत बंद राहिल्यास एकटेपणाची भीती वाढू शकते. म्हणून खाणेपिणे सुरळीत झाले की पट्टा बांधून त्याला एकेक दालन दाखवावे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत कुत्रे आणलेच असेल (आणू नये, असे माझे मत), तर फटाके थांबेपर्यंत खोलीच बरी.