२१ गेरची सायकल, एक पावसाळा काढल्यावर: आखूड दात्यांचं प्रकरण

गेर, ब्रेक, वजन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही. आर्वीकडच्या आमच्या पांदणीवर पावसाळाभर चालवली. काळी माती मडगार्डात भरून चाक जाम व्हायचं, बाकी तक्रार नव्हती. मग समोरचा गेर टाकताना चेन खडखडायला लागली म्हणून तालुक्याला सर्व्हिसिंगला नेली. पायडलजवळ तीन चक्करं असतात, चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं. मिस्त्रीनं त्यातल्या मोठ्या चक्करवर बोट ठेवलं. "दाते तुटले ना जी हिचे. पूर्ण सेट बदलावा लागते." सेट म्हणजे क्रँकसकट, म्हणजे पायडलच्या दांड्यांसकट, अठराशे रुपये! कंपनीला शिव्या घालत घरी आलो.

रात्री चक्कर डिझेलनं धुतलं. ४२ दात्यांपैकी काही खरंच बुटके, काही तिरपे कापलेले. पण असे दोन गट, बरोबर समोरासमोर. तुटणारा दाता जागा मोजून तुटतो का? कडाही गुळगुळीत, तुटक्या लोखंडाची खरखर नाही. आतल्या अंगाला तिथंच बारक्या पिना ठोकलेल्या. मधल्या चक्करवरची चेन या पिनांवर टेकून वर चढते, आणि उतरताना बुटक्या दात्यांवरून सुटते. पायडल उभं असताना पायाचा जोर कमी असतो, तेव्हाच चेन बदलावी असा त्या जागेचा हिशोब.

झिजलेला दाता वेगळा दिसतो. एकाच अंगानं खाल्लेला, टोक विळ्यासारखं पुढे वळलेलं, दोन दात्यांमधली खोबण लांबट. आणि बहुतेक सगळेच दाते तसे. दगड लागून वाकलेला असेल तर मागून पाहत पायडल फिरवा, तो एकटाच डुलताना दिसतो. माझ्यात यातलं काहीच नाही.

मग सुताराच्या टेपनं चेन मोजली. कड्यांच्या १२ जोड्या बरोबर १२ इंच भराव्यात. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की बदलायची. सूतभर वाढेपर्यंत ओढलं तर मागचं फ्रीव्हीलही घेऊन जाते. माझी अर्ध्या सुतावर गेली होती. नवी चेन घातली, समोरच्या गेरची तार ताणली, खडखड बंद. चक्कर तेच.

कंपनीवरचा राग निवळला, तिच्या पुस्तिकेवरचा नाही. घंटी कुठं बसवायची याचं चित्र आहे, या दात्यांवर एक ओळ नाही! रेटिंगमधला एक तारा तिथंच कापला.

चेन घ्यायला गेलो तेव्हा मिस्त्रीला त्याच्याकडचा नवाकोरा सेट खाली काढायला लावला. त्यातही बुटके दाते, समोरासमोर. तो उलटसुलट करून पाहत म्हणे, "हा लॉटच खराब आला असन जी."