बार्शी लाईटच्या मागावर: वारसा मंडळाची मेंबरशिप घेऊन आठ महिने झाले, त्याचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात आमच्याकडच्या एका मंडळाची मेंबरशिप घेतली, जुनी रेल्वे, गिरण्या, कारखाने यांचा शोध घेणारं मंडळ आहे, वर्षाला ६०० रुपये आणि घरातली शाळकरी मुलं फुकट. आता जून लागला. मधल्या काळात दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की नेमकं करतात काय तिथं, पैसे वसूल होतात का, बायकांनी जाण्यासारखं आहे का, तर प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते.

खरं तर मी गेले ती मुलासाठी. तो सातवीत आहे, रेल्वेचं प्रचंड वेड, आणि त्याला एकट्याला पाठवायचं नव्हतं म्हणून दोघांचं नाव घातलं. आता परिस्थिती अशी आहे की त्याची परीक्षा असली तरी मी एकटी जाते.

महिन्यातून दोन रविवार असतात. एक रविवार फिरायचा, एक बसून बोलायचा. बहुतेक काम बार्शी लाईटवर, म्हणजे बार्शीवरून जाणाऱ्या जुन्या छोट्या रुळांच्या रेल्वेवर चालतं. आमच्या भागात हे नाव माहीत नाही असा माणूस नाही पण मला स्वतःला तरी त्यातलं काहीच माहीत नव्हतं हे पहिल्याच दिवशी कळलं. मुंबईहून सोलापूरला जाणारी जीआयपीची (इंग्रजांच्या काळातली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी साधारण ३५ किलोमीटर बाजूला राहिली. स्टेशनला नाव दिलं 'बार्शी रोड', पण बार्शीच्या बाजारातला कापूस तिथवर पोचवायचा तर बैलगाड्याच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज, जीआयपीमध्ये इंजिनांचा इन्स्पेक्टर होता, त्यानं हे हेरलं आणि या कामाचा कित्येक वर्षं पिच्छा पुरवला. १८९५ ला लंडनमध्ये कंपनी निघाली, १८९७ ला बार्शीला गाडी आली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आणि ही गाडी १९५४ पर्यंत खासगी कंपनीचीच होती, तोवर देशातल्या बहुतेक लाईनी सरकारकडं गेलेल्या होत्या. (याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, हे ऐकल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.)

आता ही माहिती कुठंही वाचायला मिळेल. मंडळात जे मिळतं ते वेगळं आहे, त्यासाठी घंटेची गोष्ट सांगते.

डिसेंबरात एका बैठकीत वजनाचा विषय निघाला. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की गाडी छोटी म्हणून माल कमी घ्यायचा हे चुकीचं, रूळ हलका ठेवा पण वजन सगळ्या आसांवर सारखं वाटून द्या. म्हणून त्यानं नियम केला, इंजिन असो का वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कुठल्याही एका आसावर ५ टनाच्या वर भार नाही. लीड्सच्या किटसन कारखान्यातनं पहिली पाच इंजिनं आली त्यांना जोडलेली मोठी चाकंच आठ, मागं आणखी चार छोटी, कारण वजन वाटायचं तर पाय जास्त पाहिजेत. आणि एवढं केल्यामुळं रूळ लागला तो यार्डाला, म्हणजे तीन फुटाला, फक्त ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला १५ किलोच्या आसपास. आज मेन लाईनला मीटरला ६० किलोचा रूळ असतो. चौपट फरक.

हे ऐकता ऐकता माझ्या डोळ्यासमोर आमच्या गावच्या शाळेची घंटा आली. तुमच्याही शाळेत असेल, रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला आणि शिपाईमामा लोखंडी कांबीनं टोल द्यायचे. मी सहज बोलून गेले की आमच्या शाळेतला तुकडा लहानच आहे, तर तिथले एक काका, आयुष्यभर रेल्वेत मुकादम होते, लगेच म्हणाले, "ताई, मोजून बघू की. पुढचा रविवार तिथंच."

आणि खरंच गेलो. हेडमास्तरांना आधी विचारून घेतलं होतं. तुकडा खाली उतरवला, दीड फुटाला थोडा कमी भरला, किराणा दुकानातला वजनकाटा आणला होता त्यावर ठेवला तर साडेसहा किलो. मुलानं वहीत हिशोब मांडला, ३० पौंडाचा रूळ म्हणजे फुटाला १० पौंड, म्हणजे साडेचार किलो, दीड फुटाला पावणेसात, त्यातनं टांगायचं भोक, गंज आणि इतक्या वर्षांचे टोल वजा करा. बरोब्बर बसलं. मग काकांनी रुळाच्या पोटाला, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीला, ओल्या फडक्यानं पुसून वरनं आडवा खडू घासला. असं केलं की उठावाची अक्षरं असतील तर पांढरी होऊन वर येतात. अर्धा शब्द आला आणि पुढं १ आणि ९ एवढे दोन आकडे, बाकी गंजानं खाल्लेलं. मी त्या घंटेवर पहिली ते सातवी उठले-बसलेय आणि ती बार्शी लाईटची आहे हे मला चाळिशीत कळलं. तुकडा परत टांगला आणि काकांनी मुलाला टोल द्यायला लावला. ते सगळं वहीत लिहून, फोटो काढून मंडळाच्या नोंदीत गेलं. वस्तू जागची हलवायची नाही, कोणी घरी न्यायची नाही, शेतात फिशप्लेट (दोन रूळ जोडायची लोखंडी पट्टी) सापडली तरी फोटो, माप आणि परत तिथंच, हा त्यांचा नियम मला सगळ्यात जास्त पटलाय.

फिरायचे रविवार पण असेच. छोट्या रुळांचं ब्रॉडगेज, म्हणजे मोठे रूळ, झाल्यावर काही ठिकाणी लाईनीनं वाट बदलली, जुनी लाईन धाराशिव गावात जात नव्हती, नवी जाते, त्यामुळं बार्शीच्या पुढं येडशीच्या दिशेला जुन्या लाईनीचे तुकडे शेतातनं तसेच पडून आहेत. ते ओळखायला शिकवतात. मोबाईलवर वरनं बघायचं, बांध सगळे चौकोनी आणि मधेच एक लांबलचक वळण घेतलेला बांध दिसला की थांबायचं, शेतकरी असा वळणदार बांध घालत नाही. मग गावात जाऊन ज्याचं रान त्याला विचारायचं. जानेवारीत असंच एका ज्वारीच्या रानात गेलो, भराव पार सपाट झालेला पण ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, शाबूत होती, काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, आणि तिच्या वरच्या दगडावर छिन्नीचे घाव इतके ताजे दिसत होते. रानाच्या मालकानं हुरडा खायला बसवलं आणि त्यांच्या वडिलांनी, नव्वदीला टेकलेत, हातानं दाखवलं की गाडी हितनं वळायची तेव्हा आम्ही पोरं तिच्याबरोबर पळायचो. पीक तुडवायचं नाही, चालू लाईनवर पाय ठेवायचा नाही, हे दर वेळी निघताना परत सांगतात, मुलं बरोबर असल्यामुळं मला ते बरं वाटतं.

एक गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली ते सगळ्यांना आठवत असेल, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, मग पुढं पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या. टीव्हीवर बघताना मला ती सरकारची एक योजना वाटली होती. बैठकीत नकाशा लावून दाखवला तेव्हा समजलं की मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, ही जवळपास अख्खी बार्शी लाईटचीच वाट. कापूस आणि वारकरी नेण्यासाठी तुकड्या-तुकड्यानं जोडत गेलेली लाईन, ती मोठी झाली म्हणून त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी गेलं. त्या दिवशी खोलीत कोणी बराच वेळ काही बोललं नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहून उपयोग नाही.

पहिली आणि मोठी. नोव्हेंबरात कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका फिटरकाकांशी दोन तास बोलणं झालं होतं. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा कसा ओळखायचा हे त्यांनी पितळी तांब्या आणि फुटकी कपबशी वाजवून दाखवलं होतं, चांगलं चाक घंटेसारखं लांबवर वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं आणि आवाज लगेच मरतो. त्यांच्या साहेबांच्या, खलाशांच्या (वर्कशॉपमधल्या मदतनिसांच्या), पहाटेच्या पाळीच्या गोष्टी, सगळं एका सभासदाच्या फोनमध्ये रेकॉर्ड केलेलं. तो फोन बिघडला, कॉपी कुठंच नव्हती. गेलं सगळं. परत गेलो तेव्हा काकांची तब्येत बरी नव्हती, वीस मिनिटं बोलले आणि दमले. मला याचा फार त्रास झाला, मी बैठकीत बोलले पण, जरा जास्तच जोरात बोलले असेन. पण तेव्हापासून दोन मशीनवर रेकॉर्डिंग होतं, त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी जाते आणि रजिस्टरमध्ये तारखेसह नोंद होते. ते रजिस्टर आता मीच सांभाळते.

दुसरं, विषय सतत इंजिनावर जातो. कुठल्या वर्गाचं, किती चाकांचं, कुठल्या कारखान्यातलं यावर तास निघतो, पण त्या गाडीतून जो कापूस जायचा तो वेचणाऱ्या बायका, जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या, गिरणीत कामाला असणाऱ्या, त्यांच्याबद्दल आठ महिन्यांत एकच बैठक झाली. सोलापूरला जुनी मिल बघायला गेलो, १८७७ ची मिल, तिच्यामुळं अख्ख्या शहराचं घड्याळ भोंग्यावर चालायचं, आणि तिथं आम्ही पाऊण तास थांबलो फक्त. त्या दिवशी मी नाराज होऊनच घरी आले. किर्लोस्करवाडीची सहल मात्र छान झाली, तिथं माणसांबद्दल बोलणं झालं. १९१० ला औंध संस्थानानं दिलेल्या माळावर वसाहत उभी राहिली, जवळ कुंडल रोडचं स्टेशन होतं म्हणून लोखंड आणि कोळसा आणता यायचा आणि लोखंडी नांगर बाहेर पाठवता यायचे. लोखंडानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते, हे ऐकून आमच्या बसमधल्या एका शेतकरी सभासदानं ठिबकच्या वेळी त्याच्या वडिलांनी काय काय शंका काढल्या ते सांगितलं, परतीचा रस्ता त्यातच गेला.

बायकांसाठी महत्त्वाचं: फिरायच्या दिवशी बाथरूमची सोय आधी विचारून घ्या. पहिल्या दोन वेळेला काहीच नव्हती. आम्ही तिघींनी मिळून सांगितल्यावर आता निघायची आणि जेवायची जागा अशी निवडतात की शाळा किंवा कोणाचं घर जवळ असेल. वागणूक एकदम घरच्यासारखी आहे, ताई-काका सगळं, त्याची काळजी नको. वेळेचं मात्र अजून जमत नाही, सातला निघायचं म्हटलं की पावणेआठ होतातच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शंभर फोटो पडतात त्यात कामाची सूचना शोधावी लागते. मार्च संपला की ऊन्हामुळं फिरणं बंद, तेव्हा मेंबर व्हायचं तर दिवाळीच्या आधी व्हा, हुरड्याचे दोन महिने हातचे घालवू नका. बूट जाड तळव्याचे घाला, बाभळीचे काटे साध्या चपलेतून थेट आत येतात. टोपी, पाणी, आणि एक पाच मीटरचा टेप. रुळांच्या मधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हा आकडा इतक्या वेळा वापरलाय की आता मला घरातलं टेबलसुद्धा त्या हिशोबात दिसतं.

पैसे वसूल झाले का म्हणाल तर मी पुढच्या वर्षाचे भरून टाकलेत, आणि या वेळी तिसरं नाव घातलंय, सासूबाईंचं. त्या कधी फिरायला येणार नाहीत, गुडघे दुखतात. पण मोरीचे फोटो दाखवत होते तेव्हा त्या सहज म्हणाल्या, मी याच गाडीनं आले की या घरात. त्यांचं माहेर मोडनिंब. लग्न झाल्यावर मोडनिंबला गाडीत बसल्या, कुर्डुवाडीवरून बार्शीला, मांडीवर पत्र्याची ट्रंक, खिडकीशी जागा. वाटेत इंजिनाचा कोळशाचा बारीक कण डोळ्यात गेला आणि डोळ्याला जी धार लागली ती बार्शीपर्यंत थांबेना. सासरच्या बायका समजूत घालत राहिल्या की रडू नको पोरी, माहेर काय लांब नाही, आणि सासूबाईंना सांगायची लाज वाटली की मी रडत नाहीये म्हणून. पन्नास-पंचावन्न वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मुकादमकाका आणि आणखी दोघं घरी येणार आहेत, सासूबाईंनी सकाळी दहाची वेळ दिलीय, आणि दोन्ही मशीन चार्ज करून आणायला मी ग्रुपवर कालच लिहिलंय.