लायसन्स तपासलं होतं, तरी ४,८६० डॉलरला फसवलं: कायरोप्रॅक्टरच्या 'फुकट तपासणी'पासून सांभाळा

४,८६० डॉलर. त्यातले १,००० आमच्या बँकेच्या कार्डावर आणि ३,८६० दवाखान्यातच पाच मिनिटांत काढून दिलेल्या मेडिकल क्रेडिट कार्डावर. आजपर्यंत परत आलेत २,१४५. आणखी १,२३० साठी भांडण चालू आहे. आम्ही फ्लोरिडात राहतो आणि हे करणारा कोणी भोंदू वैदू नाही, रीतसर लायसन्स असलेला कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे मणक्यावर हाताने दाब-झटके देऊन उपचार करणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याच्याकडे बोललो त्याने पहिला प्रश्न हाच केला, "अहो, लायसन्स तरी बघायचं ना आधी!" बघितलं होतं. राज्याच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून बघितलं होतं. लायसन्स चालू, शिस्तभंगाची कारवाई काही नाही. बायकोला मोबाइलवर दाखवलं आणि मगच अपॉइंटमेंटला गेलो. याहून जास्त सामान्य माणसाने काय करायचं?

सुरुवात इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झाली. हॉलच्या बाहेर स्टॉल होते, साड्या, दागिने, इन्शुरन्स, आणि त्यातच एक 'मोफत मणका तपासणी'. स्टॉलवर मराठी मुलगी. "काकू, किती वाकून चालताय तुम्ही! एकदा दाखवून घ्या, फुकट तर आहे." माझ्या बायकोची कंबर दोन वर्षांपासून दुखते, डाव्या पायात कळ जाते. परक्या देशात कोणी आपल्या भाषेत 'काकू' म्हणून हात धरून खुर्चीवर बसवलं की माणूस विश्वास ठेवणारच. मंडळाला मी दोष देत नाही, त्यांनी स्टॉलचं भाडं घेतलं, एवढंच. पण पुढच्या वर्षी कोणाला जागा देता ते बघा, ही कमिटीला हात जोडून विनंती आहे.

पुढची चाल तुम्हाला माहीत असेल. फुकट तपासणी, मग एक्स-रे, मग 'डॉक्टर रिपोर्ट समजावतील', नवराबायको दोघांनीही यायचं, मग पॅकेज. मला इथे सांगायचंय ते त्याच्या मधलं, जे मला आजही झोपू देत नाही.

फ्लोरिडात कायदा आहे. असा फुकट किंवा सवलतीचा उपचार देऊ करणाऱ्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत छापावं लागतं की जाहिरातीला प्रतिसाद दिल्यापासून ७२ तासांच्या आत जी दुसरी सेवा, तपासणी किंवा उपचार त्या जाहिरातीमुळे झाला, त्याचे पैसे नाकारायचा, रद्द करायचा किंवा परत मागायचा हक्क रुग्णाला आहे. राज्याच्या कायद्याचं कलम ४५६.०६२. स्टॉलवरच्या पत्रकाच्या मागे ते छापलेलं होतं. म्हणजे त्यांनी कायदा पाळला!

आता बघा. आम्ही नाव-फोन दिला शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास. मी स्वतः त्या मुलीला म्हटलं, सोमवारी सकाळी येतो. ती टॅबलेटवर बोट फिरवत म्हणाली, "सोमवार फुल्ल आहे काका. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला या." मंगळवारी संध्याकाळी गेलो तर वेटिंग रूममध्ये आमच्याशिवाय कोणी नाही. दहा खुर्च्या रिकाम्या, टीव्ही म्यूट, फ्रंट डेस्कवाली तिच्या फोनवर. आणि रिपोर्ट समजावायला बोलावलं थेट शुक्रवारी. शनिवार सकाळपासून ७२ तास मंगळवारी सकाळी अकराला संपले होते. पहिली तपासणी होण्याआधीच! ती रिकामी वेटिंग रूम बघून तिथेच डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता की मग सोमवार फुल्ल कसा? पण त्या क्षणी काय वाटलं, तर बरं झालं, ताटकळावं लागणार नाही. पाठीत कळ मारत असलेल्या बायकोला घेऊन गेलेला माणूस खुर्च्या मोजत बसतो का? पत्रकामागची बारा ओळींची मजकुराची पट्टी वाचून घड्याळ लावतो का? नंतर पैसे मागायला गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरने शांतपणे हेच उत्तर दिलं: "ते ७२ तासांचं तुम्हाला लागू नाही, सर." हे उत्तर त्याला पाठ होतं.

शुक्रवारी स्क्रीनवर बायकोच्या मणक्याचा एक्स-रे, त्यावर लाल रेघ. शेजारी कोणाचा तरी 'नॉर्मल' मणका, त्यावर हिरवी रेघ. सब्लक्सेशन (म्हणजे मणके जागेवरून सरकलेत), दुसऱ्या टप्प्याची झीज, आत्ता काही केलं नाही तर पायातली ताकद जाईल. बायको रडायला लागली. मग कागद पुढे आला: ३६ सेशन, मूळ किंमत ६,४८० डॉलर, आजच सही केली तर ४,८६०. सोमवारी भाव ६,४८०च. नंतर कळलं की मंडळातल्याच आणखी एका जोडप्याला तोच आकडा, तीच ३६ सेशन. त्या वहिनींची तर मान दुखत होती, कंबर नव्हे.

कोणीही 'आजचा भाव' म्हणालं की उठा आणि बाहेर पडा. दुखणं सोमवारी पण तेच असतं.

आणि आता पैशांपेक्षा जास्त संताप आणणारी गोष्ट. मंगळवारी भरून घेतलेल्या फॉर्मवर 'हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे का' असा चौकोन होता. बायकोने बरोबरची खूण केली आणि बाजूला निळ्या पेनने स्वतः लिहिलं, 'डेक्सा -२.७, दर आठवड्याला गोळी'. डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, त्यात आकडा -२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. त्याच पानाच्या तळाशी कायरोप्रॅक्टरच्या नावाची आद्याक्षरं आहेत, म्हणजे त्याने ते पान बघितलं. तरी पोटावर झोपवून पाठीवर जोर देऊन कडाकड आवाज काढणं चालू. अकराव्या सेशननंतर तिला बरगडीखाली अशी कळ यायला लागली की कूस बदलता येईना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नव्हतं, नशीब. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की इतकी हाडं ठिसूळ असताना असे झटके द्यायलाच नको होते, आजपासून बंद. आता ती फिजिओथेरपीला जाते, मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातून.

तुमच्या घरात कोणाची हाडं ठिसूळ असतील तर तोंडानेही सांगा आणि ते काय करणार आहेत ते लिहून मागा. फॉर्मवर लिहिलं म्हणून वाचलं गेलं असं धरू नका.

मग परताव्याचा हिशेब. ११ सेशन झाली, १३५ च्या दराने १,४८५ होतात. म्हणजे ३,३७५ परत यायला हवेत, चौथीतला मुलगा सांगेल. त्यांचा हिशेब असा: झालेली सेशन 'मूळ' दराने, १८० प्रमाणे १,९८०. व्यवस्थापन खर्च १० टक्के, ४८६. आणि 'फुकट' तपासणी व एक्स-रे, पॅकेज मोडलं म्हणून, २४९. उरले २,१४५. फुकट तपासणीचे २४९ डॉलर! १,२३० डॉलर गिळले. कराराच्या चौथ्या पानावर हे सगळं आहे म्हणे. चौथं पान आम्हाला दाखवलंच नाही, सही टॅबलेटवर बोटाने घेतली आणि कॉपी मागितल्यावर ईमेल करतो म्हणाले. आमच्या हातात कागद आला तो रद्द करायला गेलो तेव्हा. टॅबलेटवर सही करू नका. कागद घरी आणा, मुलांना दाखवा.

क्रेडिट कार्डचंही ऐकून ठेवा. 'बारा महिने बिनव्याजी' म्हणजे बाराव्या महिन्यात एक डॉलर जरी बाकी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं, आमच्या कागदावर २६.९९ टक्के होतं. मुलाने ते वाचलं आणि आम्ही बचतीतून ३,८६० एका रकमेत भरून टाकले.

याहून गंभीर गोष्ट मुलानेच शोधली. आईच्या मेडिकेअरच्या ऑनलाइन खात्यात तो बघत होता. त्या अकराही तारखांना दवाखान्याने मेडिकेअरकडे ९८९४१ या कोडचं बिल लावलं होतं. म्हणजे मणक्याच्या तीन-चार भागांवर हाताने केलेला उपचार. ज्यासाठी आमच्याकडून पॅकेजचे पैसे आधीच घेतले होते तोच! ज्येष्ठ मंडळींनो, हे नीट समजून घ्या. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरच्या बाबतीत एकाच गोष्टीचे पैसे देतं, ते म्हणजे सब्लक्सेशनसाठी हाताने केलेलं मणक्याचं मॅनिप्युलेशन. त्याने काढलेला एक्स-रे, मसाज, 'मेंटेनन्स' यातलं काही नाही. जे कव्हर होतं त्याचं बिल मेडिकेअरकडे जातं आणि तुमच्या वाट्याला डिडक्टिबल (दरवर्षी आधी स्वतः भरायची ठराविक रक्कम) भरून झाल्यावर २० टक्के येतात. त्यासाठी वर पॅकेज घेणं म्हणजे दोन्ही बाजूंनी खाणं. हा प्रकार नवा नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने २०१६ साली अहवाल दिला की २०१३ मध्ये मेडिकेअरने कायरोप्रॅक्टरांना दिलेल्या ४३.८१ कोटी डॉलरपैकी अंदाजे ३५.८८ कोटी, म्हणजे ८२ टक्के, नियमात बसत नव्हते. सरकारलाच माहीत आहे, आणि तरी भुर्दंड आमच्यासारख्यांना.

'मेडिकेअर कदाचित देणार नाही' असा एक फॉर्म असतो, एबीएन म्हणतात. त्यावर कोणती सेवा, का नाकारली जाईल, अंदाजे किती खर्च हे भरलेलं असलंच पाहिजे. आमच्याकडून कोऱ्या फॉर्मवर सही घेतली. कोऱ्यावर कधीही करू नका.

तक्रार कुठे करायची? ऐका. मी सगळे कागद लावून राज्याच्या तक्रार कचेरीला पाठवले. उत्तर आलं की फीचे वाद आमच्या कक्षेत येत नाहीत. ग्राहक तक्रारीच्या कचेरीने सांगितलं, आरोग्य व्यावसायिक आहे ना, मग त्यांच्याकडेच जा. पहिल्यांकडे परत फोन केला तर वकील बघा म्हणाले. ठिसूळ हाडांचा भाग मात्र त्यांनी ठेवून घेतला, 'कायदेशीरदृष्ट्या पुरेसा आहे का' ते पाहणार. पुढे काय झालं? सांगता येत नाही, गोपनीय आहे. आणि ते खोटं नाही, कायदाच तसा आहे. चौकशीत तथ्य आहे असं पॅनेलने ठरवून दहा दिवस होईपर्यंत तक्रार जाहीर होत नाही. आता कळलं का, वेबसाइटवर मी बघितलं तेव्हा सगळं स्वच्छ का दिसलं? उद्या तुमच्यापैकी कोणी त्याचं नाव टाकेल तर तुम्हालाही स्वच्छच दिसेल. माझी तक्रार तिथे पडलेली असताना! लायसन्स देणारं आणि काढून घेणारं राज्याचं बोर्ड सात जणांचं, त्यातले पाच कायरोप्रॅक्टर, दोन बाहेरचे. हेही कायद्यातच आहे. लायसन्स म्हणजे माणूस कॉलेजात शिकला, राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षा पास झाला, एवढंच. कॅन्ससने १९१३ मध्ये पहिला कायदा केला आणि लुइझियानाने १९७४ मध्ये शेवटचा, पन्नासही राज्यांत आज लायसन्स आहे, पण त्या कागदाचा तुमच्या खिशाशी काही संबंध नाही. मी तो कागद विश्वासाचा म्हणून बघितला. कोणीही तसाच बघेल, सरकारने तो दिलाय कशासाठी मग?

एवढ्या सगळ्यात नीट बोलले फक्त शाइनचे स्वयंसेवक, ज्येष्ठांना मेडिकेअरबद्दल मदत करणारा फ्लोरिडाचा फुकट कार्यक्रम. त्या बाईंनी फोनवर बसून दुहेरी बिलाची तक्रार लिहायला मदत केली, ती १-८००-मेडिकेअरला गेली आहे. आणि त्यांनीच सांगितलं की फ्लोरिडात ८,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय लावता येतो. १,२३० चा लावला आहे, प्री-ट्रायलची तारीख पडलीय. २,१४५ चा चेक आला तोही दाव्याची नोटीस पोचल्यावर, त्याआधी तोही अडवून ठेवला होता. चेकसोबत 'पूर्ण आणि अंतिम' लिहिलेला कागद होता, त्यावर सही केली नाही आणि लेखी विचारून, बाकीचा हक्क आम्ही सोडत नाही हे मान्य असल्याचं त्यांच्याकडून ईमेलवर घेऊनच चेक बँकेत टाकला. तुम्हीही अशा कागदावर डोळे झाकून सही करू नका.

ज्यांनी त्याच स्टॉलवर नाव दिलं आणि पॅकेज घेतलंय त्यांनी आजच स्वतःच्या फाइलची पूर्ण प्रत लेखी मागा, तारखांसह हिशेबाचं पान वेगळं मागा, केंद्राच्या नियमाप्रमाणे ती ३० दिवसांत द्यावी लागते. मेडिकेअरवाले असाल तर खातं उघडून ९८९४० ते ९८९४२ यातला कोड आहे का बघा आणि त्या तारखा पॅकेजच्या सेशनशी जुळवा. जुळल्या तर मंडळाच्या सेक्रेटरींकडे माझा नंबर आहे, कोर्टाच्या तारखेच्या आत फोन करा. दोन-तीन कुटुंबांचे कागद सारखेच निघाले तर कोर्टात ते मला दाखवायचे आहेत.