टवका "पूर्ण गायब" करून देतो म्हणणाऱ्याला काच देऊ नका

एप्रिलमधली गोष्ट. कराडवरनं साताऱ्याला येत होतो, नागठाण्याच्या जवळपास पुढं खडीचा डंपर होता, वर ताडपत्री नाही काही नाही, आणि टण्णकन आवाज आला. गाडीच्या पुढच्या काचेवर डाव्या बाजूला टवका उडाला. दहाच्या नाण्याएवढा गोल, आणि त्यातनं चांदणीसारखे तीन पाय बाहेर आलेले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातच काचेचं काम करणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी भिंग लावून बघितलं, आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "होईल, पण ठसा राहील. आणि आज नको, काच तापलीय, उद्या सकाळी सावलीत करू, तासभर लागंल." मला ते "ठसा राहील" आवडलं नाही. पैसे द्यायचे आणि वर डागही ठेवायचा, मग काय उपयोग असं वाटलं, आणि चूक इथंच झाली.

त्याच संध्याकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडला टेबल टाकून बसलेला एक माणूस दिसला, मागं बोर्ड, "काच बदलू नका, टवका १० मिनिटात पूर्ण गायब". बोलायला एकदम गोड. म्हणाला, "दादा, इन्शुरन्स क्लेम करू नका, एनसीबी जातो, माझ्याकडं टवक्यात भरायचं जपानी रेझिन आहे, लाईफटाईम गॅरंटी." एनसीबीचं, म्हणजे क्लेम न केल्यावर हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, त्याचं खरंच होतं, म्हणून बाकीचंही खरंच वाटलं. १५०० सांगितले, १२०० ला केलं. काचेवर बाटलीतनं पाणी मारून फडक्यानं पुसलं, सिरिंजनं काहीतरी पातळ टवक्यात सोडलं, वरनं अंगठ्यानं दाबलं आणि पाच मिनिटात टवका दिसेनासा झाला. खोटं नाही सांगत, मला शोधावा लागला. रेझिन घट्ट करायचा लॅम्प नाही का लावत विचारलं तर म्हणाला उद्याच्या उन्हानंच सेट होतं, फक्त आठवडाभर काच धुवू नका.

आठव्या दिवशी गाडी धुतली आणि टवका परत आला, आधीपेक्षा पांढरट. फोन केला तर बंद. दोन दिवसांनी अण्णांना तपासायला पुण्याला न्यायचं होतं, तसंच निघालो, काच उन्हानं तापलेली, एसीचा झोत थेट काचेवर, आणि भुईंजच्या पुढं सुरूर फाटा यायच्या आत एका पायातनं चीर पळाली. डोळ्यादेखत, वीतभर. अण्णा पुढच्याच सीटवर होते, दचकून त्यांनी तोंडावर हात घेतले, ते बघून मला फार वाईट वाटलं.

परत आल्यावर काकांकडंच गेलो. काही टोचून बोलले नाहीत. सुई टवक्यात घातली तर टोकाला तेलकट ओल आली. मग त्यांनी नीट समजावलं. टवका आपल्याला दिसतो तो आत हवा भरल्यामुळं, प्रकाश जवळपास काचेइतकाच वाकवणारं कुठलंही पारदर्शक तेल त्या जागी शिरलं की डोळ्याला काच सलग दिसते, म्हणजे टवका गेला असं नाही, फक्त लपला. तेल निघून गेलं की परत दिसतो. आणि एकदा तेल शिरलं की खरं रेझिन तिथं काचेला धरतच नाही, म्हणजे जी काच दहा-बारा दिवसांपूर्वी वाचली असती ती आता बदलायचीच. तसंही चीर पळाली होतीच.

त्याच दिवशी दुसऱ्या गाडीचं काम चालू होतं, ते मी पूर्ण बघितलं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाचा प्लॅस्टिकचा पडदा. दगडानं फक्त बाहेरची काच फुटलेली असेल तरच रिपेअर, पडद्याला किंवा आतल्या काचेला लागलं असेल तर नाही. आधी सुईनं सुटा चुरा काढला, ओल पूर्ण वाळवली. मग सक्शन कपनं काचेवर एक स्टँड चिकटवला, त्यात इंजेक्टर. पहिलं व्हॅक्युम करून आतली हवा ओढायची, मग दाबानं रेझिन घालायचं, परत व्हॅक्युम, परत दाब. मोठ्या टवक्याला हाच वेळ जास्त लागतो कारण पायांच्या टोकापर्यंत रेझिन पोचायला पाहिजे. काका आतनं आरसा धरून बघत होते, एक पाय भरत नव्हता तर आतल्या बाजूनं काच हलक्या हातानं दाबून सोडत होते. हे सगळं सावलीत, कारण रेझिन उन्हातल्या यूव्ही किरणांनी घट्ट होतं, उन्हात केलं तर टोकाला पोचायच्या आतच घट्ट व्हायचं. म्हणजे "उन्हानं सेट होतं" हे त्या माणसाचं वाक्यसुद्धा अर्धं खरं होतं, खऱ्या रेझिनच्या बाबतीत. शेवटी यूव्ही लॅम्प, वरच्या खड्ड्यात जाड रेझिन भरून प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून परत लॅम्प, मग ब्लेड उभं धरून खरवडणं आणि पॉलिश. एवढं करून बारीक ठसा राहिलाच.

मापाचं पण विचारलं. अमेरिकेत यासाठी रोलॅग्स नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात गोल टवका १ इंच, चांदणी ३ इंच आणि माझ्यासारखा दोन्ही मिसळलेला, पाय न मोजता, २ इंचापर्यंत रिपेअर होतो असं धरतात. म्हणजे माझा आरामात बसत होता.

काच शेवटी इन्शुरन्समधनं बदलली. काचेला घसारा, म्हणजे जुनी झाल्याची वजावट, कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपल्याला भरावेच लागतात, आणि जो एनसीबी वाचवायला मी हे सगळं केलं तो गेलाच. त्या माणसाला १२०० यूपीआयनं दिलेले, तिथलं नाव त्यानं सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं निघालं. पैसे देताना ते वाचायला पाहिजे होतं.

टवका उडाला तर पहिलं कोरड्या काचेवर पारदर्शक सेलोटेप लावा, धूळ पाणी आत जाऊ देऊ नका, फेविक्विक अजिबात घालू नका, आणि एसीचा झोत काचेवर सोडू नका. टेबलवाल्याला इंजेक्टर आणि लॅम्प दाखव म्हणा, नुसती सिरिंज काढली तर गाडी काढा.

परवा लिंब खिंडीच्या अलीकडं तसाच बोर्ड दिसला, माणूस दुसरा होता, वाक्य तेच. एक फॅमिली गाडीतनं उतरत होती, मागं लहान पोरगी झोपलेली. मी थांबून त्या दादांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, डॅशबोर्डमधला टेपचा रोल काढून दिला. त्यांनी टेप लावली, काकांचा पत्ता विचारून घेतला आणि निघाले.