दाजी कधी 'तुम्ही' म्हणतात का?

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री साडेनऊला मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, आता कसं हाय? कोणत्या दवाखान्यात हाव?" मी उदगीरला माझ्या घरी मच्छरदाणी बांधत होतो. म्हणालो, "ए येड्या, काय झालं तुला?" तो थोडा वेळ गप्पच. मग म्हणाला, "मग अठरा हजार कोणाला गेले?"

दुपारी माझ्या फेसबुकवरून त्याला मेसेज गेला होता: 'नमस्कार. मी दवाखान्यात आहे, माझं यूपीआय चालत नाही. तुम्ही लगेच १८,००० पाठवता का? संध्याकाळी परत करतो.' खाली एक नंबर. त्यानं सोयाबीनच्या फवारणीसाठी मोंढ्यातल्या अडत्याकडून उचल आणली होती, तीच पाठवली. पैसे टाकताना नाव भलतंच आलं, तर त्याला वाटलं दवाखान्यातल्या कुणाचं असेल. फोन करून का विचारलं नाहीस, असं मी रागावून म्हटलं. त्यावर तो म्हणाला ते आजही डोक्यात आहे: "दाजी, लग्नाला सोळा वर्षं झाली, तुम्ही पहिल्यांदा पैसे मागितले. उलट विचारावं कसं?" आपल्याकडे जावयाला कुणी उलटतपासणी घेत नाही. चोराला हे माहीत असेल असं नाही, पण ते त्याच्या पथ्यावर पडलं.

"अक्काला सांगू नका" या त्याच्या आग्रहात ती रात्र गेली. तीच मोठी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. हा नंबर लगेच लावला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथं अडवून ठेवता येतात. उशीर झाला की ते पुढच्या चार खात्यांत पांगलेले असतात. आमचे ४,२०० रुपये अडले, बाकी निघून गेले होते. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवले की त्या व्यवहाराला मिळणारा क्रमांक) समोर ठेवा, तो शोधण्यातच आमची दहा मिनिटं गेली. बँकेत रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवून पाहिलं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात आहे. पण ते परस्पर काढलेल्या पैशांसाठी. इथं पिन मेव्हण्यानं स्वतः टाकला होता.

मी फेसबुकचा आणि जीमेलचा पासवर्ड बदलला. झालं, असं वाटलं. आठव्या दिवशी फेसबुकनं पुन्हा मला बाहेर काढलं आणि या वेळी शाळेतल्या एका सहकाऱ्याला तोच मेसेज गेला. तो शेजारच्याच वर्गात शिकवत होता, म्हणून वाचला.

त्यानंच मला शाळेच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. (आता हे लिहितोय म्हणून आठवतं: पहिल्या मेसेजच्या तीन दिवस आधीही मोबाइलवरचं फेसबुक आपोआप लॉगआउट झालं होतं. अॅप अपडेट झालं असेल म्हणून मी सोडून दिलं.) जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं, दातेरी चाकाच्या चित्रावर क्लिक, मग 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'फिल्टर्स'. तिथं मी कधीच न केलेला एक फिल्टर होता. फेसबुककडून येणारी मेल आणि 'सिक्युरिटी अलर्ट' हे शब्द असलेली मेल एका अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवायची आणि इथून डिलीट करायची. पाटाचं पाणी आपल्या रानात पोचायच्या आत वरच फोडून घेतात, तसं. मी पासवर्ड बदलून चोराला बाहेर काढलं होतं, पण फिल्टर काही पासवर्ड बदलल्यानं जात नाही. त्यानं फेसबुकवर 'पासवर्ड विसरलो' दाबलं की कोड माझ्या मेलवर यायचा आणि थेट त्याच्याकडे जायचा. ट्रॅश उघडलं तर गूगलचे इशारे ओळीनं पडलेले. ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहते, म्हणून दिसले तरी. हे फिल्टर मोबाइलच्या जीमेल अॅपमध्ये दिसत नाहीत, आणि माझा सगळा कारभार मोबाइलवर.

फिल्टर काढला. बाजूच्या 'फॉरवर्डिंग' या टॅबमधला तो पत्ताही काढावा लागतो, तो वेगळा. मग गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हाइसेस' पाहिलं. पासवर्ड बदलूनही यादीत दोन विंडोज कॉम्प्युटरांची नोंद होती. माझ्या घरात कॉम्प्युटरच नाही. रिकव्हरी ईमेलच्या जागीही भलताच पत्ता होता.

एक विंडोज लातूरचा, तो कुठला ते लगेच कळलं. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. लेकीचा फॉर्म भरायला जूनमध्ये लातूरला एका मल्टीसर्व्हिस दुकानात गेलो होतो. तिची कागदपत्रं माझ्या मेलवर, म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवर मी जीमेल उघडलं. मागं रांग. 'पासवर्ड सेव्ह करू का' अशी पट्टी आली आणि कुणीतरी 'सेव्ह' दाबलं, कदाचित मीच. लॉगआउट केलं नाही हे नक्की. दुकानातल्या पोरानं काही केलं असं मी म्हणत नाही. त्या खुर्चीवर दिवसभर माणसं बसत-उठत असतात. पण त्या मेलमध्ये माझा आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, सगळं होतं.

आता प्रिंट काढायची असेल तर मी तेवढी फाइल माझ्या मोबाइलवरून दुकानाच्या मेलवर पाठवतो. व्हॉट्सअॅपचा क्यूआर दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्कॅन करून प्रिंट काढली असेल, तर आत्ताच 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. ते जोडलेलं राहिलेलं असू शकतं. फेसबुकमध्येही 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'त कुठं कुठं लॉगिन आहे ते दिसतं. दोन्हीकडे टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, चालू केलं. आधारचे बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केले आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं. दोनच निघाले, दोन्ही माझे.

मेव्हण्याचे पैसे मी दिले. तो घेत नव्हता, बायकोनं त्याच्या खिशात कोंबले. चिडवताना तो म्हणाला होता, "दाजी, मेसेजात 'नमस्कार' आन् 'तुम्ही' बघितलं तवाच कळायला पाहिजे होतं."

परवा पेट्रोल पंपावर माझं नेट बंद पडलं. त्याला फोन केला, पाचशे टाक म्हटलं. तो म्हणाला, "आधी शिवी द्या, मग टाकतो."