कॅचरचा किट आणि चार हेल्मेटं: आठ महिने वापरून झाल्यावर

चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात जुलै ते मार्च रोजच्या सरावाला वापरलेला, कॅचरचा (बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू पकडणारीचा) आणि बॅटिंगचा संच: मास्क, त्याला लटकणारा थ्रोट गार्ड, चेस्ट गार्ड, लेग गार्डची जोडी आणि बॅटिंगची चार हेल्मेटं. मैदान काळ्या मातीचं, म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर भेगा. प्लास्टिकचं कवच अजून ठणठणीत आहे. दगा दिला तो पट्ट्यांनी.

लेग गार्डच्या वेल्क्रोत ऑक्टोबरपासून कुसळं आणि गोखरू भरतात. पट्टी वरून चिकटलेली दिसते, पण कॅचर दोनदा उठली-बसली की सुटते. गार्ड बाजूला फिरतो, नडगी उघडी पडते आणि टप्पा पडलेला चेंडू बरोबर तिथेच बसतो. दर शनिवारी जुन्या टूथब्रशने वेल्क्रो विंचरून काढा आणि ठेवताना बंद करूनच ठेवा. बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला हवीत. आत आली तर दोन्ही पायांची एकमेकांत अडकतात आणि बंट (बॅटने हलकेच अडवून जवळच टाकलेला चेंडू) उचलायला धावणारी पोरगी तोंडावर आपटते. डावा-उजवा ओळखायला आतून चिकटपट्टीची खूण पुरते.

मागवताना वय सांगू नका, माप सांगा: गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पावलाच्या वरच्या वळणापर्यंत. लांब गार्ड उकिडवं बसताच मांडीला टोचतो, गार्डची वाटी वर सरकते आणि गुडघा मोकळा राहतो. क्रिकेटचे पॅड बांधून काम भागवण्याची खोड सोडा. त्यात धड बसताही येत नाही.

चेस्ट गार्डचा फोम बरा आहे. मागच्या पट्ट्या ढिल्या राहिल्या तर बसल्यावर तो हनुवटीला येतो, म्हणून पट्ट्या उभं राहून नव्हे, बसलेल्या अवस्थेत आवळाव्यात. मोठ्या चेंडूचा घेर 12 इंच, वजन 178 ते 198 ग्रॅम. ताशी 80 किलोमीटरने सुटला तर चेंडू टाकणारीपासूनचे 40 फूट पार करायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. नेमक्या क्षणी हृदयाच्या जागी बसला तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि साधा फोम ते रोखेलच असं नाही. त्यासाठी नॉक्सी (NOCSAE, खेळाच्या संरक्षक साहित्याचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) हिचा एनडी 200 हा निकष आहे. या गार्डवर तो शिक्का नाही. हीच या संचाची सगळ्यात मोठी उणीव. चेंडू लागून मूल कोसळलं, शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल, तर तोंडावर पाणी मारत बसू नका. एकाने लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करावी, दुसऱ्याने 108 लावावा.

हेल्मेटांचं खरं दुखणं वेणी. उंच बांधलेल्या अंबाड्यावर हेल्मेट तरंगतं, पळताना डोळ्यांवर येतं. वेणी मानेजवळ सैल बांधली की बसतं. तपासायची रीत सोपी आहे: हेल्मेट हाताने हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल तर बॅट हातात देऊ नये. जाळी हवीच, तिचे स्क्रू महिन्यात ढिले होतात.

एकाच्या जाळीच्या स्क्रूजवळ केसाएवढी चीर दिसली, ते बाद. चिकटवून चालत नाही. नंबर टाकायला ऑइल पेंट किंवा थिनर वापरू नका, कवच ठिसूळ होतं. कापडी पट्टीवर लिहा. घाम ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसा, सावलीत वाळवा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा टिनाच्या खोलीत कोंडलेल्या हेल्मेटातल्या फोमचा गोंद सुटतो. कौलारू वर्गात, जमिनीपासून उंच ठेवलेलं बरं, उंदीरही फोम सोडत नाहीत.

सुट्या पट्ट्या दुकानात मिळेनात, तेव्हा तालुक्याच्या बाजारातल्या मोच्याने दप्तराचा रुंद पट्टा शिवून दिला. शिवण नायलॉन दोऱ्याची आणि दुहेरी सांगा. सुती दोरा घामाने कुजतो.